वादळानंतरचें घर

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धनकडील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचीं छपरें उडालीं. परंतु वारा शमला म्हणजे संकट टळलें, असें समजूं नये. तुटलेल्या वीजतारेजवळ जाऊं नये; पाण्यांत उभें राहून खटक्याला हात लावूं नये. पाणी उकळूनच प्यावें. आवराआवरीपूर्वीं नुकसानीचीं छायाचित्रें घ्यावीं, कारण सरकारी मदत पंचनाम्यावर अवलंबून असते. अडचणींत जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक फिरवावा. भात पुढच्या वर्षीं पुन्हां पिकतो. नव्या पोफळीला फळ धरावयास मात्र पांच ते सात वर्षें लागतात. म्हणून शेजाऱ्यास दिलेला धीर चार दिवसांत आटोपतां कामा नये.