फी भरेल तो खेळेल

डॅलसमध्ये माझ्या मुलाच्या फुटबॉल क्लबची वर्षाची फी काही हजार डॉलर. परगावच्या स्पर्धा, हॉटेल वेगळं. आम्हाला झेपतं. त्याच्याहून चपळ असलेला त्याचा मित्र यंदा आला नाही, ते मला फार लागलं.

अमेरिकेचा फुटबॉलपटू क्लिंट डेम्प्सी लहान असताना त्याला आईवडील टेक्सासमधल्याच नॅकडोचेसहून सुमारे तीन तास गाडी चालवत इथंच सरावाला आणत. बहिणीच्या टेनिसचाही खर्च होता, म्हणून त्याचं खेळणं मध्येच थांबलं. इतर पालकांनी हात दिला. पुढे त्यानं अमेरिकेसाठी ५७ गोल केले.

खरं तर क्लबांना फीशिवायही पैसा मिळू शकतो. करारातला खेळाडू परदेशी क्लबनं विकत घेतला, की १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना फिफाच्या नियमानं रकमेतले पाच टक्के वाटून मिळतात. अमेरिकी फुटबॉल महासंघानं हा नियम वर्षानुवर्षं राबवलाच नाही. मग क्लब पालकांच्याच खिशावर चालणार. मेजर लीग सॉकरनं २०१९ मध्ये आपल्या क्लबांसाठी हा वाटा मागायचं ठरवलं. आमच्यासारख्या छोट्या क्लबांची फी त्यानं उतरलेली मी तरी पाहिली नाही.