किल्ली फिरवण्यापुरते पैसे

जैववैद्यकीय संशोधन करणाऱ्या छोट्या कंपन्यांना केंद्र सरकारची जी अनुदाने मिळतात, त्यांत सर्वाधिक नाव घेतले जाते ते 'बिग'चे. 'बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट' हे त्याचे पूर्ण नाव. जास्तीत जास्त ५० लाख रुपये आणि काम पुरे करायला १८ महिने, असे त्याचे स्वरूप. यातला 'इग्निशन' हा शब्द पिंपरी-चिंचवडमध्ये कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. किल्ली फिरवून इंजिन सुरू होण्यापुरते पैसे सरकार देते. पुढच्या पेट्रोलची सोय ज्याची त्याने पाहायची. हे कर्ज नसते, त्यामुळे फेडावे लागत नाही आणि सरकार कंपनीत हिस्साही मागत नाही. अनुदान देणारी संस्था म्हणजे 'बायरॅक'. जैवतंत्रज्ञान विभागाने ती २०१२ मध्ये ना-नफा सरकारी कंपनी म्हणून स्थापन केली.

असे पैसे सरकारनेच का द्यायचे, याचे उत्तर औषधांच्या आणि उपकरणांच्या स्वभावात आहे. विद्यापीठाच्या किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या निधीची मजल बहुधा शोधनिबंधापर्यंत असते. बँक तारण मागते, आणि नव्या कंपनीकडे तारण म्हणून एखादे पेटंट आणि दोन-तीन नमुने. खासगी गुंतवणूकदार गिऱ्हाईक दाखवा म्हणतो. पण चाचण्या आणि परवाना झाल्याशिवाय उपकरण विकताच येत नाही. या मधल्या पट्ट्यात बऱ्याच चांगल्या कल्पना वाळून जातात. अमेरिकेने यावर १९८२ मध्ये कायदाच केला. बाहेरच्या संशोधनावर वर्षाला दहा कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या प्रत्येक केंद्रीय खात्याने त्यातला ठरावीक वाटा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचा. हा वाटा पुढे ३.२ टक्क्यांपर्यंत गेला. भारतात त्याच धर्तीची 'एसबीआयआरआय' योजना २००५ मध्ये आली. मात्र इथे कायद्याने बांधलेली टक्केवारी नाही. योजना अर्थसंकल्पातील तरतुदीवर चालतात.

पिंपरीत सरकारी पैशाने औषध-संशोधन याहून कितीतरी आधी सुरू झाले होते, पण ते छोट्या कंपनीत नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. पेनिसिलिन बनवणे हे तिचे मूळ काम, तरी तिच्या प्रयोगशाळेत नव्या प्रतिजैविकांचा शोधही चाले. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे मातीतला एक सूक्ष्मजीव सापडला आणि त्यापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळाले. औषधाच्या नावातली सुरुवातीची अक्षरे कंपनीची, तर सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव 'स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना'. सूक्ष्मजीवशास्त्राच्या ग्रंथांत पिंपरीचे नाव असे पोहोचले, हे आज पिंपरीकरांनाही फारसे माहीत नसावे. पिकांसाठीचे ऑरिओफंगिन हेही इथलेच. पुढे कंपनी तोट्यात गेली आणि तिची जास्तीची जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय केंद्राने २०१६ मध्ये घेतला. तोवर सरकारची भूमिकाही बदलली होती: स्वतः कारखाना चालवण्याऐवजी दुसऱ्याच्या प्रयोगाला पैसे देणे.

ते पैसे मिळवण्याची वाट ठरलेली आहे. अर्ज ऑनलाइन करायचा. छाननी झाली की तज्ज्ञांसमोर सादरीकरण. कंपनीत किमान ५१ टक्के मालकी भारतीय नागरिकांची हवी. रक्कम एकदम हातात पडत नाही. ठरलेला टप्पा गाठल्याचे दाखवले की पुढचा हप्ता, आणि सोबत खर्चाचे 'युटिलायझेशन सर्टिफिकेट'. बायरॅक हे काम जागोजागच्या भागीदार संस्थांमार्फत करते. पुणे परिसरातली अशी संस्था म्हणजे पाषाणचे व्हेंचर सेंटर. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, ते २००७ मध्ये सुरू केले. एकट्या कंपनीला न परवडणारी यंत्रे तिथे भाड्याने वापरता येतात, आणि पेटंट व परवान्यांबाबत सल्ला मिळतो. नव्या उद्योजकाला बहुधा पैशाइतकाच या सल्ल्याचा उपयोग होतो.

या मार्गाने काय तयार होते, याचे बोलके उदाहरण पुण्याच्या जीवट्रॉनिक्स कंपनीचे आहे. बायरॅकची मदत मिळालेल्या या कंपनीने हाताने फिरवून चालणारे डिफिब्रिलेटर बनवले. हृदयाचे ठोके बेताल झाले की डिफिब्रिलेटर छातीवर विजेचा झटका देऊन त्यांना पुन्हा तालावर आणते. ग्रामीण दवाखान्यात नेहमीच्या डिफिब्रिलेटरची खरी अडचण बॅटरीची. महिनोन्महिने न वापरलेली बॅटरी ऐन वेळी दगा देते, आणि नवी महाग असते. आता साधा हिशेब पाहा. एका झटक्याला सुमारे २०० ज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे वीस किलोचे पोते मीटरभर उचलण्याइतकी. हाताने जनित्र फिरवणारा माणूस सेकंदाला वीस-तीस ज्यूल सहज देऊ शकतो. म्हणजे काही सेकंद हँडल फिरवले की झटक्यापुरती वीज साठते. तत्त्व इतके सोपे आहे. कस लागतो तो हजारो व्होल्टचा भार सुरक्षितपणे साठवून नेमक्या क्षणी, नेमक्या मात्रेत सोडण्यात. इतरही उदाहरणे आहेत: एनसीएलमधून निघालेली सेरिजेन कंपनी रेशमातल्या फायब्रॉइन प्रथिनापासून हाडांतील पोकळी भरण्याचे साहित्य बनवते, तर पेरिविंकल कंपनीचा 'स्मार्ट स्कोप' गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी आहे.

अशा उपकरणांना लागणारे कारागीर भोसरी, चिंचवड आणि चाकणच्या शेडांमध्ये आहेत. सीएनसीवर मायक्रॉनमध्ये काम करणारे, डाय आणि मोल्ड बनवणारे, प्लास्टिक मोल्डिंग करणारे असे सारे हाकेच्या अंतरावर. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये नमुने झटपट बनवण्याची आणि तपासण्याची सोय आहे. तरी गाडीचा भाग आणि वैद्यकीय उपकरणाचा भाग यांत फरक पडतो तो संख्येत आणि कागदांत. जॉबवर्क करणाऱ्याला हजारोंची ऑर्डर हवी असते. नव्या कंपनीला पन्नासच नग हवे असतात, तेही तीनदा ड्रॉइंग बदलून. त्यातच आयएसओ १३४८५ हे वैद्यकीय उपकरणांचे मानक आले की कच्चा माल कुठल्या बॅचचा, कोणी तपासला, बदल कोणी मंजूर केला, याची नोंद लागते. बड्या वाहन कंपन्यांच्या ऑडिटची सवय असलेल्या शेडला हे शिस्त म्हणून नवे नाही. पन्नास नगांसाठी एवढा व्याप मांडणे मात्र तिला परवडत नाही.

औषधे आणि लशींचा खर्च वेगळ्याच पातळीवरचा. चाकणला अल्केमची उपकंपनी एन्झीन बायोसायन्सेस जैविक औषधे बनवते, तर हिंजवडीत एमक्युअरची उपकंपनी जेनोव्हा आहे. या काही शेडमधल्या छोट्या कंपन्या नव्हेत, पण जेनोव्हाची कथा सरकारी निधीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवते. देशी एमआरएनए लशीसाठी जैवतंत्रज्ञान विभागाने तिला आधी बीजनिधी दिला, नंतर 'मिशन कोविड सुरक्षा'तून चाचण्यांसाठी मदत केली. लस शीतशुष्क भुकटीच्या रूपात असल्यामुळे उणे सत्तर अंशांच्या फ्रीजरची गरज उरली नाही. २ ते ८ अंशांचा साधा फ्रिज पुरे. जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी आली, पण पुढच्याच महिन्यात देशातल्या कोविड लसमात्रांची संख्या २०० कोटींवर गेली. लस आली तेव्हा लशीची रांग संपली होती. वाया गेली म्हणावी, तर तेही खरे नाही, कारण हे तंत्र हाताळणारी माणसे आणि यंत्रे त्या खर्चातून हिंजवडीत उभी राहिली.

छोट्या कंपनीची खरी परीक्षा १८ महिन्यांनंतर सुरू होते. एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आणि जोखमीनुसार त्यांचे अ ते ड असे चार वर्ग झाले. वरच्या वर्गांतल्या नव्या उपकरणाला रुग्णांवरील चाचणी, त्याआधी रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि मग केंद्रीय परवाना, असा क्रम लागतो. या टप्प्यासाठी बायरॅकचे 'सीड' आणि 'लीप' निधी आहेत. पण इथे सरकार इनक्युबेटरमार्फत, म्हणजे व्हेंचर सेंटरसारख्या संस्थांमार्फत, गुंतवणूकदार म्हणून येते, म्हणजे हिस्सा द्यावा लागतो. परवाना हातात आला की सरकारी रुग्णालयाचे टेंडर. मान्यताप्राप्त स्टार्टअपला आधीच्या उलाढालीची आणि अनुभवाची अट शिथिल करता येते, मात्र निविदेतले तांत्रिक तपशील अनेकदा बाजारातल्या जुन्या परदेशी यंत्रावरून उतरवलेले असतात. बॅटरी किती तास चालावी, असा रकाना ज्या निविदेत आहे, तिथे बॅटरीच नको असलेल्या यंत्राने काय भरायचे, याचे उत्तर अनुदानाच्या नियमांत सापडत नाही.