फिश फाइंडर घेताना आधी ट्रान्सड्यूसर पारखा

आम्ही दवनीवाड्याचे कापड व्यापारी. समुद्र आमच्यापासून शेकडो कोस दूर. आमच्याकडे वैनगंगा, मालगुजारी तलाव आणि बोड्या. तरी फिश फाइंडरबद्दल विचारणा दोन्हीकडून होते, कोकणातील नौकामालकांकडून आणि इकडच्या ढीवर बांधवांकडूनही. यंत्र महाग असते आणि बहुधा कर्ज काढूनच घेतले जाते. गिऱ्हाईक मात्र रंगीत पडद्यावर भाळते, आणि खरे काम करणारा, पाण्यात बुडालेला भाग दुकानदार देईल तो घेऊन येते.

तो भाग म्हणजे ट्रान्सड्यूसर. त्याच्या पोटात सिरॅमिकची एक चकती असते. वीज दिली की ती थरथरते आणि पाण्यात आवाज सोडते. तळाला किंवा माशाला आपटून आवाज परतला की तीच चकती त्याची पुन्हा वीज करते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. प्रतिध्वनी ०.०४ सेकंदाने आला, तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे खोली ३० मीटर. जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली हे तंत्र मच्छीमारांच्या बाजारात आणले. मूळ हिशेब आजही तोच आहे.

कापड घेताना आम्ही सूत आणि पन्हा पाहतो. इथेही तसेच आहे. २०० किलोहर्ट्‌झचा आवाज बारीक सुताचा: जवळजवळचे दोन मासे वेगळे दाखवितो, पण फार खोल पोहोचत नाही. ५० किलोहर्ट्‌झचा जाड सुताचा: खोल जातो, पण बारकावा हरवतो. पन्हा म्हणजे आवाजाच्या शंकूची रुंदी. शंकू १२ अंशांचा असेल तर ५० मीटर खोलीवर सुमारे साडेदहा मीटरचा गोल दिसतो. ४५ अंशांचा असेल तर ४१ मीटरचा. रुंद पन्हा स्वस्तात जास्त दिल्यासारखा वाटतो, पण त्यातला मासा होडीच्या नेमका खाली आहे की वीस मीटर बाजूला, हे कळत नाही. किनाऱ्याजवळच्या धंद्याला २०० पुरतो. खोल पाण्यात जाणाऱ्याने दोन्ही असलेला घ्यावा.

आता आमच्या भागाचे. दोन मीटर पाण्याच्या तलावात १२ अंशांचा शंकू तळाशी जेमतेम हातभर जागा पाहतो. शिवाय आवाज सोडल्यावर चकती घंटेसारखी क्षणभर घुमत राहते, त्यामुळे अगदी जवळचे काही धड दिसतच नाही. डोंग्यावर बसून बोडीत जाळे टाकणाऱ्याने हे यंत्र घेऊच नये. बांबू त्याहून खरे सांगतो. इटियाडोह किंवा गोसीखुर्दच्या खोल पाण्यासाठी विचार करायला हरकत नाही. तिथे मागच्या फळीवर बसणारा साधा २०० चा नग पुरे.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते होडीचा तळ कशाचा आहे हे न पाहिल्याने. लाकडी नौकेच्या तळातून आरपार बसवायचा नग पितळी घाटणीचा, म्हणजे ब्राँझचा घ्यावा. लाकूड पाण्याने फुगते. प्लॅस्टिकचा नग त्या दाबाने तडकतो आणि तळाला भोक पडते. तिथे प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही, खलाशांच्या जिवाचा होतो. उलट लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या तळाला ब्राँझ लावू नये, खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की तळ झिजतो. फायबरला दोन्ही चालतात. फायबर भरीव असेल, मध्ये फोम किंवा लाकडाचा थर नसेल, तर भोक न पाडता आतूनही नग चिकटविता येतो. थोडी ताकद कमी होते आणि पाण्याचे तापमान कळत नाही, एवढेच. चिकटवताना मध्ये हवेचा बुडबुडा मात्र राहू देऊ नये.

हवा या यंत्राची वैरी आहे. पंख्याच्या फेसात बसविलेला ट्रान्सड्यूसर आंधळा असतो. मोठ्या, सावकाश चालणाऱ्या नौकेवर तो पुढून लांबीच्या एक तृतीयांशावर बसवावा. तिथे पाणी शांत वाहते. तळ उतरता असेल तर खाली ठोकळा देऊन नगाचे तोंड सरळ खाली करावे. पावसाळी बंदीत नौका ओढून ठेवलेली असते, तेव्हाच हे काम उरकावे.

दुकानात पडद्याची आणि ट्रान्सड्यूसरची वॉट ताकद जुळते का, पिन तीच आहे का, हे लिहून घ्यावे. वेगळ्या कंपनीचा नग स्वस्त पडतो म्हणून जोडायचा झाल्यास दुकानातच चालवून पाहावा. केबल लांब आहे म्हणून कापू नये, गुंडाळून ठेवावी. शेवाळ न चढणारा रंग नगाच्या तोंडावर द्यायचा तर तो पाण्यात कालवलेलाच असावा. काही तेज द्रावणांचे रंग प्लॅस्टिक खातात. आणि नौका पाण्यात उतरविली की लगेच भोकाशी हात लावून पाहावे. लाकडी नौका असेल तर पहिले काही दिवस रोज पाहावे.