मेरुरज्जूची इजा आणि चाकाच्या खुर्चीवरील जीवन

मेंदूपासून निघून पाठीच्या कण्यातील पोकळीतून खाली जाणाऱ्या, दोरीसारख्या तंत्रिकामय भागास मेरुरज्जू म्हणतात. प्रौढ व्यक्तीत त्याची लांबी सु. ४५ सेंमी. असते. उंचावरून पडणे, वाहनाचा अपघात, बंदुकीची गोळी लागणे इ. कारणांनी त्यास इजा झाल्यास इजेच्या पातळीखालील हालचाल, संवेदना आणि मलमूत्रविसर्जनावरील ताबा अंशतः वा पूर्णतः नाहीसा होतो. मानेच्या भागातील इजेत दोन्ही हात व पाय बाधित होतात. त्याखालील इजेत हात शाबूत राहून पाय लुळे पडतात. या दुसऱ्या अवस्थेस अधरांगघात म्हणतात. संपूर्ण तुटलेला मेरुरज्जू पूर्ववत करणारा उपचार अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे अशा व्यक्तीचे पुढील आयुष्य मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते : स्वतः नियमाने घेतलेली शरीराची निगा आणि भोवतालच्या जागेची रचना.

पहिल्या महायुद्धापर्यंत या इजेचे बहुसंख्य रुग्ण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांमुळे अल्पावधीतच दगावत. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये या रुग्णांसाठी खास विभाग सुरू केला. रुग्णास ठरावीक वेळाने कुशीवर वळविणे, मूत्राशयाची स्वच्छता राखणे, व्यायाम, खेळ आणि व्यवसायशिक्षण यांची त्यांनी सांगड घातली. हे मृत्यू टाळता येतात, हे त्यामुळे सिद्ध झाले.

दैनंदिन निगा : निरोगी माणूस बसल्या जागी नकळत चुळबूळ करतो, संवेदना गेलेल्या भागास दाबाची सूचनाच मिळत नाही. रक्तपुरवठा खुंटून बैठकीची हाडे, माकडहाड आणि टाचा येथील त्वचा मरते व व्रण होतो. म्हणून खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर भार देऊन शरीर उचलणे किंवा पुढे व बाजूंना झुकून काही वेळ दाब कमी करणे आवश्यक असते. अंथरुणात सामान्यतः दर दोन तासांनी कूस बदलतात. रोज आरशाच्या साहाय्याने त्वचा तपासल्यास लालसर डाग वेळीच ध्यानात येतो.

मूत्राशय रिकामे करण्यासाठी दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्र काढण्याची पद्धत प्रचलित आहे. एका वेळी ५०० मिलि.पेक्षा अधिक मूत्र साठू न देणे हिताचे असते. मूत्र तुंबून राहिल्यास जंतुसंसर्ग होतो व मूत्रपिंडांस अपाय संभवतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर वा तीहून वर इजा असल्यास भरलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब एकाएकी धोकादायकरीत्या वाढू शकतो. तीव्र डोकेदुखी हे त्याचे लक्षण होय. अशा वेळी रुग्णास ताठ बसवून मूत्राशय तत्काळ रिकामे करावे लागते.

उष्ण हवामानातील अडचणी : इजेच्या पातळीखाली घाम येण्याची क्रिया मंदावते वा थांबते. नागपूरसारख्या शहरात मे महिन्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते, तेव्हा मानेची वा छातीच्या वरच्या भागाची इजा झालेल्या व्यक्तीस उष्माघाताचा विशेष धोका असतो. ओला पंचा, पाण्याचा फवारा, सावली आणि पुरेसे पाणी हे साधे उपाय होत. उन्हात तापलेल्या धातूच्या भागाने पाय भाजला, तरी ते कळत नाही. बाहेर खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह नसल्यास अनेक जण दिवसभर पाणी पिणेच टाळतात आणि मूत्रमार्गाचे विकार ओढवून घेतात. स्वच्छतागृहाचा अरुंद दरवाजा हा अशा रीतीने आरोग्याचाच प्रश्न ठरतो.

जागेची रचना : चाकाची खुर्ची सु. ६५ ते ७० सेंमी. रुंद असते. तीसाठी सु. ९० सेंमी. रुंदीचा दरवाजा आणि वळण्यास सु. १५० सेंमी. व्यासाची मोकळी जागा लागते. उताराचे मान्य प्रमाण १:१२ आहे. म्हणजे १५ सेंमी. उंचीच्या एका पायरीसाठी १·८ मी. आणि तीन पायऱ्यांसाठी ५·४ मी. लांबीचा उतार हवा. नागपुरातील गांधीबागेसारख्या कापडाच्या जुन्या, दाट बाजारपेठेत एवढी लांबी रस्त्यावर सहसा मिळत नाही. हातगाड्या, दुचाक्या व मालाचे गठ्ठे यांनी वाट आणखी अरुंद होते. अशा ठिकाणी एका पायरीस काढघालीची फळी उपयोगी पडते. अधिक पायऱ्या असल्यास मागील वा बाजूच्या समतल दाराचा वापर किंवा जोत्याची फेररचना करावी लागते. याच भागालगतच्या सेंट्रल ॲव्हेन्यूवरून जाणारी मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिच्या स्थानकांत उद्वाहने आहेत. परंतु स्थानकापासून दुकानापर्यंतचा पदपथ सलग व समतल असेल, तरच या सोयीचा पूर्ण उपयोग होतो.

पुनर्वसन : मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. जखमी सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून अधरांगघात पुनर्वसन केंद्र चालते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधरांगघात झाला. १९७२ मध्ये हायडलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धांत ५० मी. मुक्तशैली जलतरणात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. तरुण वयात अधरांगघात झालेल्या नसीमा हुरजूक यांनी कोल्हापूर येथे १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. चाकाची खुर्ची हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे.

भारतात १९९५ च्या कायद्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने घेतली. त्यात शासकीय नोकऱ्यांत किमान चार टक्के आरक्षण आणि सार्वजनिक इमारती सुगम करण्याचे बंधन आहे. खाजगी आस्थापनांच्या लोकांसाठी खुल्या असलेल्या सेवाही त्याच्या कक्षेत येतात. तथापि जुन्या इमारती व बाजारपेठा यांत सुधारणा संथ गतीने होत आहे. रोजची निगा चोख राखणारी, शिकलेली व कमावू शकणारी व्यक्तीही त्यामुळे पुष्कळदा घरातच अडकून पडते. तिला अडविणारा अडथळा इजेचा नसून दारातील पायरीचा असतो.