दोन बादल्यांत स्वच्छ गाडी

(मोटारगाडी घरच्या घरी, थोड्या पाण्यात आणि थोड्या खर्चात कशी स्वच्छ करावी, हे या पाठात सांगितले आहे. प्रत्येक कृतीमागचे कारण समजून घेतले, तर काम सोपे होते आणि नुकसानही टळते.)

सकाळी लवकर मुंबईतल्या एखाद्या टॅक्सी-स्टँडवर पाहा. दिवसाचे पहिले भाडे मिळण्याआधी टॅक्सीवाले आपापली गाडी पुसत असतात. कोणी काचा लख्ख करतो, कोणी पायाखालच्या मॅट झटकतो. गाडी हेच त्यांच्या रोजीरोटीचे साधन असते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला वीस वर्षे वयाची मर्यादा होती. ‘प्रीमियर पद्मिनी’ या गाडीची शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली. वीस वर्षे पूर्ण होताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. खारा वारा, मुसळधार पाऊस आणि चिखल सोसत वीस वर्षे चालणे ही साधी गोष्ट नाही. अशा गाडीला दुरुस्तीइतकीच स्वच्छतेचीही गरज असते.

गाडी धुणे म्हणजे तिला नुसते नटवणे, असे काहींना वाटते; पण तसे नाही. गाडीचा पत्रा लोखंडाचा असतो. ओला चिखल पत्र्याला चिकटून राहिला, की तेथे ओल टिकते आणि गंज चढू लागतो. समुद्राजवळच्या गावांत हवेतील मिठामुळे हा गंज आणखी लवकर चढतो. दुसरी गोष्ट म्हणजे सुरक्षितता. समोरची काच मळकट असेल, तर रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश तिच्यावर पसरतो आणि रस्ता नीट दिसत नाही. दिव्यांवर धूळ साचली, तर उजेड कमी पडतो. स्वच्छ काच आणि स्वच्छ दिवे यांमुळे अपघात टळू शकतो.

पाण्याचा हिशोब

पुष्कळ लोक नळाला पाइप लावून गाडी धुतात. अशा वेळी किती पाणी वाहून जाते, याचा हिशोब करून पाहू. समजा, पंधरा लिटरची बादली नळाखाली दीड मिनिटात भरते. म्हणजे नळातून मिनिटाला दहा लिटर पाणी येते. गाडी धुताना पाइप वीस मिनिटे चालू राहिला, तर दोनशे लिटर पाणी खर्च होते. शहरातल्या माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या गरजेपेक्षाही जास्त पाणी एका गाडीवर गेले!

हेच काम दोन बादल्यांत, म्हणजे तीस लिटर पाण्यात होते. एका वेळेला १७० लिटर पाणी वाचते. दर आठवड्याला गाडी धुणाऱ्याचे वर्षभरात ८,८४० लिटर पाणी वाचेल.

आपल्या राज्यात पाण्याचे मोल नव्याने सांगायला नको. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. ते दिवस आठवले, की अंगणातून गटारात वाहणारे पाणी डोळ्यांना खुपते.

साहित्य

या कामासाठी महागडे साहित्य लागत नाही. पंधरा लिटरच्या दोन बादल्या, एक घमेले आणि एक मग घरात असतोच. जुन्या सुती बनियनची किंवा जुन्या मऊ ओढणीची तीन-चार फडकी करावीत. त्यांवर बटण, हूक किंवा जरी असता कामा नये. त्यांनी रंगावर चरे पडतात. टाकून द्यायचा दात घासण्याचा ब्रश आणि रंगाचा जुना ब्रश जपून ठेवावा. केसांच्या शाम्पूची एक लहान पुडी, थोडा शिरका म्हणजेच व्हिनेगर, थोडा खाण्याचा सोडा आणि जुनी वर्तमानपत्रे एवढे साहित्य पुरे.

कपड्यांचा साबण किंवा धुण्याची पावडर मात्र वापरू नये. तिच्यात धुण्याचा सोडा असतो. तो तेलकट डाग काढतो, पण त्याबरोबर गाडीच्या रंगावरचे मेणाचे संरक्षक आवरणही काढून टाकतो. शाम्पू सौम्य असतो. त्याच्या प्रत्येक सूक्ष्म कणाचे एक टोक तेलाला चिकटते आणि दुसरे पाण्याला. त्यामुळे तेलकट मळ पत्र्यावरून सुटून पाण्याबरोबर निघून जातो.

धुण्याची पद्धत

गाडी नेहमी सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवावी. तापलेल्या पत्र्यावर पाणी लगेच सुकते आणि पाण्यातील क्षार मागे राहतात. विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी जड असेल, तर पांढरे डाग ठळक दिसतात. सकाळची वेळ सर्वांत चांगली.

कोरड्या फडक्याने धूळ कधीही खरडून पुसू नये. धुळीत वाळूचे बारीक कण असतात. वाळूचा कण काचेपेक्षाही कठीण असतो. गाडीवरील रंगाचे सगळे थर मिळून जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर भरते. कोरडे फडके फिरवले, की हेच कण त्या पातळ थरावर पॉलिश-कागदासारखे घासले जातात. कोरड्या काचेवर वायपर चालवू नयेत, याचेही कारण हेच आहे.

म्हणून आधी धूळ भिजवावी. पहिल्या बादलीतले निम्मे पाणी मगने टपावरून हळूहळू ओतावे. बरीचशी धूळ तशीच वाहून जाते. पक्ष्यांची विष्ठा वाळलेली असेल, तर ती नखाने खरवडू नये. तीत आम्ल असते. ती जास्त दिवस राहिली, तर रंग खराब होतो. तिच्यावर ओले फडके दहा मिनिटे ठेवावे. ती मऊ होते आणि अलगद निघते.

पहिल्या बादलीत उरलेल्या पाण्यात शाम्पूची पुडी मिसळावी. दुसऱ्या बादलीतले पाच लिटर पाणी घमेल्यात काढावे. हे पाणी फडके खळबळण्यासाठी आहे. दुसऱ्या बादलीत उरलेले दहा लिटर पाणी शेवटी गाडीवर ओतण्यासाठी राखून ठेवावे.

गाडीचे पाच भाग करावेत : टप, पुढची काच व बॉनेट, मागची काच व डिकी, डावी बाजू आणि उजवी बाजू. सुरुवात टपापासून करावी, कारण घाण वरून खाली वाहते. फडके शाम्पूच्या पाण्यात बुडवून एक भाग हलक्या हाताने, सरळ रेषेत पुसावा. मग फडके घमेल्यात खळबळून पिळावे आणि त्यानंतरच पुन्हा शाम्पूच्या पाण्यात बुडवावे. असे केल्याने वाळूचे कण घमेल्यात राहतात. पुन्हा गाडीवर येत नाहीत. एक भाग झाला, की फेस सुकण्याआधीच त्यावर दोन मग पाणी ओतावे. एक मग म्हणजे सुमारे एक लिटर. पाच भागांना दहा लिटर पाणी बरोबर पुरते.

चाके सर्वांत शेवटी धुवावीत. घमेल्यातले मळके पाणी आणि उरलेले शाम्पूचे पाणी त्यांच्यासाठी वापरावे. मडगार्डच्या आतल्या बाजूला साचलेला चिखल ब्रशने काढावा. गंजाची सुरुवात बहुधा तेथूनच होते. चाकांचे फडके वेगळे ठेवावे. ते पुन्हा पत्र्याला लावू नये.

शेवटी कोरड्या, मऊ फडक्याने गाडी टिपून घ्यावी. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोके असतात. काचेच्या फटीतून आत गेलेले पाणी त्यांतून बाहेर पडते. ती मातीने बुजली, तर दारात पाणी साचते आणि दार आतून गंजते. झाडूच्या काडीने ती मोकळी करावीत.

काचा आणि आतील भाग

कपभर पाण्यात दोन चमचे शिरका घालून फडके ओले करावे व काच पुसावी. नंतर वर्तमानपत्राचा चुरगळलेला कागद काचेवर फिरवावा. क्षारांचे पांढरे डागही शिरक्याने निघतात, कारण क्षार आम्लात विरघळतात. समोरची काच आतूनही पुसायला विसरू नये. आतल्या बाजूला नकळत तेलकट थर जमतो. वायपरचे रबरही ओल्या फडक्याने पुसावे.

आतल्या मॅट काढून झटकाव्यात, धुवाव्यात आणि उन्हात पूर्ण वाळवाव्यात. ओल्या मॅट गाडीत घातल्या, तर कुबट वास येतो आणि खालचा पत्रा गंजतो. कापडी सीटवर रात्री खाण्याचा सोडा भुरभुरावा आणि सकाळी ब्रशने झाडून काढावा. सोडा वास शोषून घेतो. हवेच्या जाळ्यांतील धूळ रंगाच्या जुन्या ब्रशने निघते.

हे करू नका

काही जण गाडी चमकावी म्हणून फडक्याला रॉकेल किंवा डिझेल लावून पुसतात. चमक दिसते, पण ती घटकाभराची असते. त्या तेलकट पृष्ठभागावर धूळ अधिक चिकटते, रबर फुगून खराब होते आणि आग लागण्याचाही धोका असतो. इंजिनावर पाणी ओतू नये. तेथे विजेच्या तारा आणि नाजूक भाग असतात. इंजिन थंड झाल्यावर मोठ्या माणसांनी ते नुसत्या दमट फडक्याने पुसावे. गाडी धुताना ती उताराला उभी करू नये आणि हँडब्रेक लावलेला असावा.

हे सारे काम तासाभरात होते. घरातील दोघे-तिघे मिळून केले, तर त्याहूनही लवकर होते. ज्यांच्या घरची चूल गाडीवर पेटते, त्यांचे दर आठवड्याला धुलाईचे पैसे वाचतात. गाडी धुता धुता कुठे चरा पडला आहे, कोणत्या टायरला चीर गेली आहे, कोणता दिवा फुटला आहे, हेही नजरेस येते. लहान बिघाड वेळीच कळला, तर मोठा खर्च टळतो. आणि वाचलेले पाणी कोणाच्या तरी माठात पोहोचते. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपण नेहमी म्हणतो. गाडी धुतानाही ते आठवावे.

शब्दार्थ

रोजीरोटी – उदरनिर्वाह, पोट भरण्याचे साधन
टप – गाडीचे छप्पर
क्षार – पाण्यात विरघळलेली खनिजे
सौम्य – तीव्र नसलेला
खळबळणे – पाण्यात हलवून धुणे
कुबट – ओलसर, कोंदट वासाचा
चूल पेटणे – घरखर्च चालणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गाडी धुण्यासाठी सर्वांत चांगली वेळ कोणती?
(आ) घमेल्यातील पाण्याचा उपयोग कशासाठी करावा?
(इ) लातूरला २०१६ साली पाणी कोठून आणले गेले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) कोरड्या फडक्याने गाडीवरची धूळ पुसू नये.
(आ) गाडी टपापासून धुवायला सुरुवात करावी.
(इ) दाराखालची भोके मोकळी ठेवावीत.

प्र. ३. योग्य क्रम लावा.
चाके धुणे, धूळ भिजवणे, गाडी टिपून घेणे, शाम्पूच्या पाण्याने टप पुसणे.

प्र. ४. ‘साबण’, ‘शिरका’ आणि ‘हिशोब’ या शब्दांसारखे शब्द उर्दूतही आहेत. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत आढळणारे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : तुमच्या घरच्या नळाखाली एक बादली भरायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजा. नळ दहा मिनिटे उघडा राहिला, तर किती पाणी वाया जाईल, ते वहीत लिहा. मोजण्यासाठी भरलेले पाणी फेकून न देता वापरा.