न फुटलेल्या अंड्यांचा जबाब

कोगनोळीत आमच्या घरी कोंबड्या पिढीजात, पण अंडी उबवायचं यंत्र नवं. धाकट्या भावजयीनं बचत गटाच्या कर्जातून आणलेलं. पहिल्या खेपेला 50 अंडी ठेवली, पिल्लं निघाली 19.

आईनं लगेच निकाल दिला, "परवा आभाळ गडगडलं. हिनं अंड्यांत लोखंडाचा खिळा ठेवला नव्हता."

भावजय हुक्केरीकडची. एवढं मराठी तिला नेमकं कळतं! डोळे पुसत म्हणाली, "भावजी, एनातु नोड्री." काय झालं ते बघा.

मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "उरलेली अंडी फेकू नका, फोडून बघा."

बाविसाव्या दिवशी परसात आम्ही 31 अंडी फोडली. 9 अंड्यांत काहीच धरलं नव्हतं. चौघांत नुसतं रक्ताचं कडं. म्हणजे जीव पहिल्या काही दिवसांतच गेलेला. ही अंडी पंधरा दिवस साठवलेली होती, आठवड्याच्या आतली हवीत. उरलेल्या 18 अंड्यांत मात्र पूर्ण वाढलेली पिल्लं. काहींनी टरफलाला चोचही मारली होती, पण आतला पापुद्रा सुकून अंगाला चिकटलेला.

कारण तिथं सापडलं. पंख्याच्या यंत्रात साडेसदतीस अंश ऊब लागते. दमटपणा अठरा दिवस 50 ते 55 टक्के, पुढं 65 ते 70. अंडी दिवसातून तीन-चारदा फिरवायची, ती अठराव्या दिवसापर्यंतच. त्यानंतर झाकण उघडायचं नाही. दमट हवा निघून जाते आणि पापुद्रा चामड्यासारखा होतो. आमच्याकडं झाकण कोण उघडत होतं? पोरं, मी, आणि शेजारणींना कौतुकानं दाखवणारी आईसुद्धा!

गडगडाटानं पिल्लं मरत नाहीत. पण वादळात वीज जाते, यंत्र गार पडतं, हे खरं.

मी आईला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खुडूक कोंबडीला शेवटचे तीन दिवस हात लावू नये, हे तर मीच सांगायची."

दुसऱ्या खेपेला ताजी अंडी ठेवली, सातव्या दिवशी विजेरीवर तपासली, पाण्याचं ताट भरलेलं ठेवलं. शेवटचे तीन दिवस आई यंत्रापाशी राखणीला बसली. 38 पिल्लं निघाली.

तुमच्याकडंही पिल्लं गेली, तर सुनेचा हातगुण काढण्याआधी अंडी फोडून बघा.