बाजा वाजावा, पण हळू!

लग्नाच्या वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत बँड चालला की आपले लक्ष बहुधा ट्रंपेटकडे जाते. पण त्याच रांगेत एखादा वादक पोटाशी भले मोठे पितळी वाद्य धरून चालत असतो. ते युफोनियम. त्याचा सूर खर्जातला आणि भरदार. तो थांबला, की सारा बँड पोकळ वाटू लागतो.

आता अशी कल्पना करा, की हा वादक चिंचवडला तुमच्या शेजारच्याच खोलीत राहतो. त्याला रोज रियाज हवा. ओठांची सवय मोडली तर लग्नसराईत काम कोण देणार? इकडे तुमची दहावीची परीक्षा पंधरा दिवसांवर आली आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. मग कोणी माघार घ्यायची?

कोणीच नाही! वाद्याच्या भोंग्यात एक पोकळ बूच बसवता येते. त्याला ‘म्यूट’ म्हणतात. पण म्यूट निवडायचा कसा?

आधी तुमच्या परिसरातलेच एक उदाहरण पाहू. चाकणच्या कारखान्यांतून मोटारसायकली बाहेर पडतात. प्रत्येकीला सायलेन्सर असतो. त्याने इंजिनातला वायू बाहेर जाऊ द्यायचा, पण आवाज मात्र आतच अडवायचा. म्यूटचे काम हेच आहे. भोंगा पूर्ण बंद केला तर फुंकर पुढे जाणार नाही आणि सूर उमटणार नाही. म्हणून रियाजाच्या म्यूटला बारीक भोक ठेवतात. हवा त्यातून निसटते; ध्वनीचा बराचसा भाग मात्र परावर्तित होऊन नळीत मागे फिरतो.

मग म्यूटही सायलेन्सरसारखा पोलादी का नसावा? सायलेन्सरला शेकडो अंश तापमानाचा वायू आणि रस्त्यावरचे धक्के सोसायचे असतात. म्यूटमधून जाते ती माणसाची कोमट फुंकर! तेथे जाड धातूची गरज नाही.

खर्जाच्या वाद्याला तर हलका म्यूटच हवा. का, ते पाहा. एक लहान आणि एक मोठी बाटली घ्या. दोन्हींची तोंडे सारखी असावीत. त्यांवर आडवी फुंकर मारा. मोठी बाटली खालच्या सुरात बोलते. भोंग्यात बसलेला म्यूटही अशीच एक बाटली आहे. त्याला स्वतःचा सूर असतो. वादकाचा सूर त्याच्या जवळ आला की दोघांची ओढाताण होते आणि सूर डळमळतो. युफोनियमच्या सुमारे पावणेतीन मीटर नळीचा मूळ सूर ५८ हर्ट्‌झच्या आसपास असतो. म्यूटचा सूर वादकाच्या नेहमीच्या सुरांखाली ढकलायचा, तर म्यूट मोठाच हवा.

पण मोठा म्हणजे जड! समजा, म्यूटचे पृष्ठफळ १५०० चौरस सेंटिमीटर आहे. एक मिलिमीटर जाड पितळी पत्रा वापरला तर वजन सव्वा किलोच्या वर जाते. तेवढ्याच ॲल्युमिनियमचे सुमारे ४०० ग्रॅम होते. दोन मिलिमीटर जाड दाबलेल्या पुठ्ठ्याचे तर २५० ग्रॅमच्या आसपास. वाद्य आधीच जड. त्यात हा भार तासभर डाव्या हातावर पेलायचा.

जड भिंत आवाज जास्त अडवते, हे खरे. पण आवाज भोकातून निसटत असेल, तर भिंत जाड करून काय साधणार? दार उघडे ठेवून भिंती जाड करण्यासारखेच ते! भिंत ताठ असावी आणि तिला फट नसावी, एवढे पुरे. पुठ्ठ्याच्या म्यूटला आतून रोगण मात्र हवेच, नाहीतर श्वासातल्या ओलाव्याने तो मऊ पडेल.

म्हणून दुकानात चार गोष्टी तपासाव्यात. एक, कडेचे बुचाचे अस्तर भोंग्यात घट्ट बसते का? दोन, सर्वांत खालचे सूर नीट उमटतात का? तीन, सूर चढा तर होत नाही ना? चार, म्यूट लावून दहा मिनिटे वाजवल्यावर हात भरून येतो का? आवाज किती कमी झाला, हे वादकाने स्वतः ठरवू नये. मित्राला दाराबाहेर उभे करावे.

आणि एक पथ्य. सारा रियाज म्यूट लावून करू नये. त्याच्या अडथळ्याने जोर लावून फुंकण्याची सवय जडते आणि मोकळा सूर कानाला परका होतो. दुपारी तुम्ही शाळेत असताना शेजाऱ्याने अर्धा तास मोकळा बाजा वाजवावा; संध्याकाळी तुमचे पुस्तक उघडले, की म्यूट लावावा. परीक्षा संपली, की त्याच्याकडून तो म्यूट मागून घ्या आणि भोकाशी हात धरून पाहा. फुंकर हाताला लागते, सूर मात्र आतच घुमत असतो.